भुभूला घेऊन बाहेर खायला जाणं – पुण्यातले अनुभव सांगा, थोडी मदत हवीय

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय त्यामुळे चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे सव्वा वर्षाची चिंगी आहे. गावठी. कात्रजला एका गॅरेजच्या मागे टायरांच्या ढिगात सापडली होती, दीड महिन्याची असेल तेव्हा, अंगभर गोचीड आणि पोट फुगलेलं. आता छान बारा-तेरा किलोची झालीय, बदामी रंग, एक कान उभा आणि एक दुमडलेला. आम्ही दोघंही नोकरीवाले, आठवडाभर ती घरात एकटी असते (सासूबाई दुपारी येऊन फिरवून आणतात तेवढंच), म्हणून ठरवलं की रविवारी नाश्त्याला बाहेर जायचं ते तिला घेऊनच. 

गेल्या रविवारी बाणेरला एका कॅफेत गेलो. दारावर पंजाचं चित्र, पेट फ्रेंडलीची पाटी, इन्स्टावरही सगळे कुत्र्यांचेच फोटो. दारातल्या मुलाने आधी चिंगीकडे बघितलं मग माझ्याकडे आणि विचारलं, मॅडम ब्रीड कोणतं? म्हटलं देशी आहे. तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला आणि मॅनेजर म्हणाले सॉरी, इंडी डॉग्ज आम्ही घेत नाही, बाकीच्या गेस्टना प्रॉब्लेम होतो. मी आत बघतेय तर एका टेबलाखाली गोल्डन रिट्रीव्हर झोपलेला, पंख्याखाली एक हस्की जीभ बाहेर काढून बसलेली. माझ्या पर्समध्ये चिंगीचं लसींचं पुस्तक होतं, महापालिकेचं लायसन्स होतं, कशाकशाला हात लावावा लागला नाही कारण त्यांनी विचारलंच नाही. 

आणि हे सगळं चालू असताना ती माझ्या पायाशी 'बस' करून बसली होती, आम्ही दोन महिने शिकवलं तशी, अगदी शहाण्यासारखी, आणि मान वर करून बिस्किटाची वाट बघत होती. मी तिला तिथे पायरीवरच बिस्किट दिलं आणि आम्ही घरी येऊन पोहे केले.

तर मला हे विचारायचंय : एक, गावठी कुत्र्यांना मनापासून घेणाऱ्या जागा कुठल्या? दोन, हे असं नाकारणं कायद्यात बसतं का? तीन, तिला कॅफेत बसायची सवय कशी लावायची, कारण स्कूटरचा हॉर्न वाजला तरी ती अजून दचकते.

बावधनकर

वाचून खूप वाईट वाटलं. आमच्याकडेही दोन गावठी आहेत, हा प्रश्न आम्हाला कोरेगाव पार्कात एकदा आणि बालेवाडी हाय स्ट्रीटला दोनदा विचारला गेलाय. आता मी सरळ फोन करतो आणि पहिलं वाक्य हेच बोलतो की आमचं कुत्रं देशी आहे, चालेल ना? गाडी काढून, पेट्रोल जाळून, दारात अपमान नको. ब्लू टोकाई, थर्ड वेव्ह या कॉफीवाल्यांच्या काही शाखांत बाहेरच्या टेबलांवर बसू दिलंय आम्हाला, कोणी जात विचारली नाही, पण शाखेप्रमाणे आणि त्या दिवशीच्या मॅनेजरप्रमाणे बदलतं म्हणून फोन हवाच. सकाळी आठ-साडेआठला जा. अकरानंतर रविवारी कुठेही नको, माणसांनाच जागा नसते.

मृणाल_क

ब्रीड कोणतं हा प्रश्न ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. चिंगीला लाड.

कायद्याचं सांगते कारण थोडं काम त्याच क्षेत्रात आहे. लोक कॅफेच्या दारात भांडताना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं मोबाईलवर काढून दाखवतात, ती तिथे लागू होत नाहीत. ती सोसायट्यांसाठी आहेत, म्हणजे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही वगैरे. हॉटेल ही वेगळी गोष्ट. तिथे अन्नसुरक्षेचे २०११ चे परवाना आणि नोंदणीचे नियम येतात, त्याच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत आणि कीडनियंत्रणाच्या कलमातच लिहिलंय की प्राणी, पक्षी, पाळीव प्राणी यांना अन्न आस्थापनेच्या जागेत येऊ देऊ नये. उंदीर-झुरळांच्या शेजारच्या ओळीत आपली भुभू आहेत. त्यामुळे जो कॅफेवाला आपल्याला बसू देतो तो स्वतःच्या जबाबदारीवर देतो, बहुतेक जण म्हणूनच बाहेरच्या अंगणात किंवा व्हरांड्यात बसवतात आणि किचनच्या बाजूला फिरकू देत नाहीत. हक्क म्हणून मागता येईल असं आज तरी काही नाही.

पण कुत्रं घ्यायचं ठरवल्यावर गोल्डन चालेल आणि गावठी चालणार नाही, याला त्या नियमात काडीचाही आधार नाही. नियमाला सगळी कुत्री सारखीच. हे मात्र त्या मॅनेजरला शांतपणे लिहून कळवा, ईमेलने, त्यांच्याच पानावरचा पाटीचा फोटो जोडून.

अजून एक, सगळ्यांनीच लक्षात ठेवा. आपल्या कुत्र्याने कोणाला चावा घेतला आणि आपण पुरेशी काळजी घेतली नव्हती असं दिसलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लीश हातातच हवी, खुर्चीच्या पायाला अडकवायची नाही. लॅबने मांजर बघून खुर्चीसकट धूम ठोकलेली मी डोळ्यांनी बघितलीय, खुर्चीत एक आजी बसायच्या बेतात होत्या.

रानवारा

आमचा राणा पश्मी आहे, जतकडून आणलेला, आपल्या मातीतलं शिकारी कुत्रं. कारवान म्हणतात त्यातलाच केसाळ कानांचा प्रकार. पुण्यात कोणी ओळखत नाही. उंच, बारीक, बरगड्या दिसतात (त्या दिसायलाच हव्यात, तशीच ठेवण असते), तर एका कॅफेत मला सांगितलं की कुत्रं उपाशी ठेवलंय, आजारी दिसतंय, बाकीच्यांना बघवत नाही. आणि दुसऱ्या ठिकाणी तोच राणा, मी फक्त 'साइटहाउंड' (नजरेने शिकार हेरणारं कुत्रं) हा शब्द वापरला तर एकदम फोटो काढायला गर्दी. तेव्हापासून मी मुद्दाम पश्मी असंच सांगतो आणि समजावून सांगतो, लातूर-सोलापूर-सांगली पट्ट्यात मेंढपाळांच्या, शेतकऱ्यांच्या दारात ही कुत्री पिढ्यान्पिढ्या आहेत. ज्यांना ऐकायचं ते ऐकतात.

ताई, तुम्ही पोहे घरी केलेत ते बरोबरच. पण परत जा. दुसरीकडे जा, पण जा.

श्रीरंग६२

मी कुत्रा पाळलेला नाही आणि मला कुत्र्यांची भीती वाटते, लहानपणी नगरला एक चावला होता आणि तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, ती अजून आठवतात. म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नये.

आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी महिन्यातून एकदा नातवाबरोबर कॉफी प्यायला जातो. शेजारच्या टेबलाखालून एकदम ओलं नाक पायाला लागलं की माझा जीव घशाशी येतो. मालक लांबून म्हणतात "काका घाबरू नका, काही करत नाही तो". अहो पण माझी भीती तुमच्या कुत्र्याच्या स्वभावावर अवलंबून नाहीये. मला एवढंच वाटतं की पाटी स्पष्ट असावी, कुत्र्यांची बाजू वेगळी असावी, आणि लीश आखूड असावी. मग आम्ही आमच्या बाजूला बसू, तुम्ही तुमच्या. तुमच्या चिंगीला बाहेर काढलं ते मलाही पटलेलं नाही. बसलेल्या जागी शांत असेल तर ती कुठल्या जातीची आहे याने मला काय फरक पडतो.

चिंगीची_आई

काका, राग कसला, उलट तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. ओलं नाक पायाला लागणं ही गोष्ट मला कधी सुचलीच नसती कारण आम्हाला ते आवडतं. लीश आखूड हे लिहून ठेवलं.

कॉफीवाला

कोथरूडला सहा वर्षं छोटा कॅफे चालवला, आता बंद केलाय (भाडं), तेव्हा कुत्री घ्यायचो, सगळी, म्हणून आतल्या बाजूचं सांगतो.

सगळ्यात जास्त त्रास कुत्र्यांचा कधीच झाला नाही. माणसं कुत्र्याला खुर्चीवर बसवायची, आमच्या प्लेटमधून भरवायची आणि मग ती प्लेट आमच्या सिंकमध्ये. पुढच्या गिऱ्हाइकाने हे बघितलं की तो परत येत नाही आणि का येत नाही ते सांगतही नाही. मी स्टीलची दोन भांडी वेगळी ठेवली होती, लाल रंगाचा ठिपका देऊन, बाहेरच्या नळावर धुवायची, आत आणायची नाहीत. तरी लोक म्हणायचे अहो आमच्या बाळाला काचेच्या बाऊलमध्ये द्या ना.

दुसरं म्हणजे आमची पोरं. माझ्याकडे बीडचा एक मुलगा होता, वेटर, त्याला गावाकडे मोकाट कुत्र्याने धरलं होतं, पोटरीवर वण होता. पहिल्या महिन्यात कुत्रं आलं की तो ट्रे घेऊन जायचा पण टेबलापासून हातभर लांब उभा राहायचा आणि कप सरकवायचा, कॉफी बशीत सांडायची आणि लोक त्याला बोलायचे. मला कळायला वेळ लागला. नंतर मी नियम केला की कुत्र्याच्या टेबलावर ज्याला जायचं त्यानेच जायचं, नाहीतर मी जाईन. मग एक बाई यायच्या, त्यांच्याकडे आंधळी म्हातारी पॉमेरेनियन होती, त्या दर वेळी आधी त्याला विचारायच्या, दादा हिला मी मांडीवर घेऊ का म्हणजे तुम्हाला जवळ येता येईल? तीन-चार महिन्यांनी तो स्वतःहून तिच्यासाठी पाणी घेऊन गेला, खाली बसला, आणि बोटाने भांडं वाजवलं, ती आंधळी आहे ना, तिला कळावं भांडं कुठंय म्हणून. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

तर माझी विनंती : टेबलावर वेटर यायच्या आधी कुत्र्याला आपल्या आणि भिंतीच्या मध्ये घ्या. येण्याजाण्याच्या वाटेवर झोपवू नका, हातात गरम कॉफीचे चार कप असताना पायाखाली शेपूट आली तर दोघंही भाजतात. आणि टिप द्या, केस झाडायला त्यांनाच लागतात.

अनघा_म्युनिक

कॉफीवाला, त्या भांडं वाजवण्यावर माझ्या डोळ्यात पाणी आलं.

इथे जर्मनीत अकरा वर्षं आहे. इथे कुत्रं घेऊन हॉटेलात जाणं इतकं रुळलेलं आहे की कोणी वळूनही बघत नाही. बिअर गार्डनमध्ये आपण बसायच्या आधी पाण्याचं भांडं येतं. पण किराणा दुकान, खाटकाचं दुकान इथे मात्र दारावर कुत्र्याचं चित्र आणि खाली लिहिलेलं असतं 'आम्हाला बाहेरच थांबावं लागतं', आणि भिंतीला बांधायला कडी असते. कुत्र्याचा वेगळा कर भरावा लागतो नगरपालिकेला, रेल्वेत मोठ्या कुत्र्याला तिकीट लागतं. आमच्या शेजारच्या आजोबांचा डॅक्सहुंड दोन तास टेबलाखाली असतो आणि उठून जाताना लोकांना कळतं की अरे इथे कुत्रं होतं! ते म्हणतात कुत्र्याला बाहेर नेल्यावर त्याने काहीही न करणं हेच शिकवायचं असतं. आपल्याकडे आपण त्याला शेकहँड शिकवतो आणि झोपून राहायला शिकवायचं राहून जातं.

सनीवेल_निखिल

कॅलिफोर्नियात २०१५ पासून हे कायद्यातच लिहिलंय म्हणून इथे टाकतो, आपल्याकडे कोणी कधी नियम करायला बसलं तर उपयोगी पडेल. हॉटेलवाल्याची इच्छा असेल तरच, फक्त बाहेरच्या जागेत. कुत्र्याला आतून न नेता थेट बाहेरून यायला वाट हवी. लीशवर हवं, खुर्चीवर-बाकावर नको. खाणं-पाणी दिलं तर एकदाच वापरायच्या भांड्यात. जेवण वाढणाऱ्यांनी कुत्र्याला हात लावायचा नाही, लावला तर धुवायचे. बस, एवढंच. श्रीरंगकाका म्हणतात आणि कॉफीवाला म्हणतात तेच जवळपास. जातीचा उल्लेख कुठेही नाही.

पशुवैद्य_मिरज

उशिरा येतोय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो आणि थोडं खाण्याबद्दल.

आधी लसी. रेबीजचा बूस्टर आपल्याकडे दरवर्षी घ्यायचा, त्याबरोबर डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोची एकत्रित लस. पिल्लांचं लसीकरण साधारण चार महिन्यांपर्यंत चालतं, ते पूर्ण व्हायच्या आधी दहा कुत्री येऊन गेलेल्या फरशीवर पिल्लू ठेवू नका. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलने जात नाही. पाण्याचं भांडं घरून न्या. सार्वजनिक भांड्यातून खोकला पसरतो. आणि गोचिडाचं औषध चुकवू नका, पुण्यात टिक फीव्हरच्या केसेस भरपूर असतात.

मेन्यूतलं काय घातक : चॉकलेट, कॉफी, द्राक्षं आणि मनुका, कांदा आणि लसूण (शिजवलेला, पावडर, ग्रेव्हीतला सगळाच), आणि शुगर-फ्री गोष्टींतलं झायलिटॉल. कांद्याने तांबड्या पेशी फुटतात, लक्षणं कधी कधी तीन-चार दिवसांनी दिसतात त्यामुळे लोकांना कॅफेतल्या बर्गरची आठवणही राहत नाही. क्रीमचा छोटा कप देतात हल्ली कुत्र्यांना, एक चाटण ठीक, अख्खा कप दिला तर रात्री जुलाब, वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. साधं उकडलेलं चिकन मागा, मीठ-मसाला न घातलेलं, कोणीही करून देतं.

आता भीती. हॉर्नला दचकणाऱ्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी बाणेरच्या रविवारच्या गर्दीत नेणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला पुरात ढकलणं. एक जुनी सतरंजी घ्या, हात-दीड हाताची. घरात ती अंथरायची, चिंगी त्यावर टेकली की खाऊ, उठली की काही नाही, ओरडायचं नाही. आठवड्याने पार्किंगमध्ये. मग सोसायटीच्या गेटपाशी. मग चहाच्या टपरीवर, दहा मिनिटं, एक कटिंग संपेपर्यंत. त्यानंतर कॅफे. सतरंजी तीच न्यायची, धुवू नका मध्ये, तिच्या स्वतःच्या वासाने तिला धीर येतो. 

आणि तिच्याकडे बघायला शिका. झोप आलेली नसताना जांभई, सारखं नाक-ओठ चाटणं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसणं, शेपूट पोटाखाली. यातली दोन लक्षणं दिसली की बिल मागवा. कॉफी अर्धी राहिली तर राहू दे. गुरगुरली तर तिला रागावू नका, ती सभ्यपणे सांगतेय की लांब व्हा. गुरगुरण्यावरून मार खाल्लेली कुत्री नंतर न सांगता चावतात.

श्रीरंगकाका, आता पोटात इंजेक्शनं द्यायची नाहीत, दंडात चार-पाच डोस असतात, जखमेप्रमाणे सोबत सीरम लागतं. कोणालाही चावा किंवा ओरखडा झाला तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना. पाळीव असलं, लस घेतलेलं असलं तरी.

झिपरी

टपरीची आयडिया एक नंबर. तसं बघितलं तर पुण्यातलं सगळ्यात जुनं डॉग-फ्रेंडली ठिकाण म्हणजे अमृततुल्यच, तिथे बाकाखाली कुत्रं असतंच आणि त्याला कोणी उठवत नाही. फक्त तिथल्या गल्लीची भुभू असतात त्यांचा विचार करा, त्यांच्या एरियात लीशवरचं नवीन कुत्रं आलं की ती चवताळतात आणि आपलं बिचारं पळूही शकत नाही. मी आधी एकटी जाऊन बघते गल्लीत किती आहेत आणि कुठल्या बाजूला झोपतात. हे कॅफेच्या बाबतीतही करा.

चिंगीची_आई

मंडळी, अपडेट द्यायला आले, जवळपास दोन महिन्यांनी, उशिराबद्दल माफी.

ईमेल लिहिला होता मृणालने सांगितल्याप्रमाणे. चौथ्या दिवशी उत्तर आलं, सॉरी म्हणालेत, स्टाफशी बोलू म्हणालेत. पाटी तशीच आहे, मी परत गेले नाही, बघू.

डॉक्टरांची सतरंजी मात्र अक्षरशः पाळली. सासूबाईंच्या जुन्या सतरंजीचा तुकडा कापला, कडेला त्यांनीच हाताने शिवून दिलं. घरात चार दिवसांत जमलं, पार्किंगमध्ये मात्र तीन आठवडे गेले, तिथे एक मुलगा बुलेट चालू करायचा आणि चिंगी माझ्या मागे. त्या मुलालाच सांगितलं तर तो गाडी ढकलत गेटबाहेर नेऊन मग सुरू करायला लागला, रोज, न सांगता. टपरीवर पाच वेळा गेलो. टपरीवाल्या काकांनी क्रीमरोल पुढे केला, त्यांना समजावताना माझीच दमछाक झाली, आता ते साधा पाव ठेवतात तिच्यासाठी, बोटाएवढा तुकडा.

आणि परवा रविवारी, औंधला, सव्वाआठला, फोन करून, देशी आहे असं सांगून गेलो. फोनवरची मुलगी म्हणाली, हो या ना, आमच्याकडे पण आहे एक, बाहेर झोपलेला असतो, भांडत नाही. कोपऱ्यातलं टेबल घेतलं, भिंतीकडे सतरंजी, मग चिंगी, मग मी. पहिली दहा मिनिटं उभीच होती. मिक्सर सुरू झाला तेव्हा दुमडलेला कान पण उभा राहिला, जांभई आली, मी ह्यांना म्हटलं बिल मागवू या का. तेवढ्यात मिक्सर थांबला. तिने सतरंजीचा वास घेतला, तीन गिरक्या मारल्या आणि धपकन बसली, मग हनुवटी माझ्या चपलेवर ठेवली. 

एकूण पस्तीस मिनिटं बसलो. वेटर दादांना आधी विचारलं, तुम्हाला चालेल ना कुत्रं, ते म्हणाले मला चालतं पण त्याला नाही (दुसऱ्या मुलाकडे बोट), मीच येईन. श्रीरंगकाका, लीश हातभरच ठेवली होती. 

एक प्रश्न राहिला. निघताना ती सतरंजीवरून उठायलाच तयार नव्हती, ओढावं लागलं. डॉक्टर, त्यासाठी काही शब्द शिकवायचा असतो का?

पशुवैद्य_मिरज

असतो. 'चल' म्हणा आणि खाऊ सतरंजीच्या बाहेर टाका. घरी आठ-दहा वेळा करा. पुढच्या रविवारपर्यंत येईल तिला.